सहा महिन्यांचा मॅनेजमेंट कोर्स: आधी कागद बघा, मग तास मोजा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या कंपनीत पाच-सात वर्षं काढली की बढतीच्या सुमारास हा विषय निघतोच. आता मॅनेजमेंटचं काहीतरी शिकून घ्यायला हवं. वागळे इस्टेटमध्ये वडिलांचं वर्कशॉप सांभाळणाऱ्या मुलीलाही तेच वाटत असतं, पण तिला बढती नको असते. ऑर्डरी भरपूर असूनही महिनाअखेरीला बँकेत पैसे का उरत नाहीत, हे तिला समजून घ्यायचं असतं. दोन वर्षं सगळं बाजूला ठेवून एमबीए करणं दोघांनाही परवडणारं नाही. मग दोघंही मोबाइलवर शोधतात आणि दोघांनाही एकच जाहिरात दिसते: सहा महिन्यांत मॅनेजमेंट, शनिवार-रविवार, घरबसल्या.

कोर्स वाईट असतो असं नाही. अडचण अशी की ‘मॅनेजमेंटचा छोटा कोर्स’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि फोनवर बोलणारा ‘काउन्सेलर’ हा फरक आपण होऊन सांगत नाही. त्याचं काम प्रवेश भरण्याचं असतं, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. म्हणून दोन गोष्टी आपणच तपासायच्या. शेवटी हातात पडणारा कागद कोणाचा आहे? आणि त्या कागदामागे शिकण्याचे खरे तास किती आहेत?

कागद कोणाचा

सगळ्यात वर पदवी. भारतात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा 1956 मधल्या कलम 22 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. एमबीए ही पदवी आहे आणि ती सहसा दोन वर्षांची असते. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षं याच दर्जाची पदवी एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने ओळखली जाते. त्यामुळे ‘सहा महिन्यांत एमबीए’ असं कोणी म्हणत असेल तर संवाद तिथेच थांबवावा. ‘10 दिवसांत एमबीए’ अशा जाहिराती इतक्या बोकाळल्या की एप्रिल 2024 मध्ये यूजीसीला जाहीर सूचना काढून लोकांना सावध करावं लागलं.

स्वायत्त संस्था पदवी देऊ शकत नाहीत, त्या डिप्लोमा देतात. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मान्यता असलेला पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनातला पदव्युत्तर डिप्लोमा, हा त्यातलाच, दोन वर्षांचा. त्याहून लहान असलेल्या पीजीसीएम (पदव्युत्तर सर्टिफिकेट) या प्रकारालाही एआयसीटीईची मान्यता असू शकते. इथे लोक फसतात ते संस्थेची मान्यता आणि कोर्सची मान्यता यांत गल्लत झाल्यामुळे. एआयसीटीईची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, ती त्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती मिळते. प्रवेशद्वारावर ‘एआयसीटीई मान्यताप्राप्त’ अशी पाटी असली तरी आतला सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स त्या मान्यतेखाली येतोच असं नाही. एआयसीटीईच्या संकेतस्थळावर वर्ष, राज्य आणि संस्था निवडली की मान्य अभ्यासक्रमांची यादी दिसते. कोर्सचं नाव तिथे अक्षरशः तसंच सापडलं पाहिजे.

विद्यापीठाचा पदविका किंवा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा नोकरदारासाठी बऱ्याचदा सर्वात सरळ मार्ग असतो, तरी त्याची जाहिरात सर्वात कमी होते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) 1985 मध्ये दूरशिक्षणासाठी स्थापन झालं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र तर त्याआधीपासून आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या (डीईबी) यादीत तो त्या सत्रासाठी असायला हवा. 2024 पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने आधी स्वतःचा डीईबी आयडी काढणंही सक्तीचं आहे. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो, एजंटाने नाही. प्रवेश घेताना कोणी हा आयडी मागितलाच नाही तर त्याचा अर्थ काय होतो, हे ओळखणं कठीण नाही.

आणखी एक. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘ठाणे सेंटर’ किंवा ‘वाशी स्टडी सेंटर’ एखाद्या क्लासच्या वरच्या मजल्यावर थाटलेलं दिसतं. फ्रँचायझी देऊन पदवी किंवा पदविका शिकवायला यूजीसीची मनाई आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या खासगी विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रमासाठी आपल्या राज्याबाहेर केंद्रं काढता येत नाहीत. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द लागू नाही, पण मग सेंटरची गरजच उरत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे नामवंत संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र. आयआयएमसारख्या संस्थांचे चार ते बारा महिन्यांचे एक्झिक्युटिव्ह कोर्स याच गटातले. (पवईची निटी ही संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली, त्यामुळे ठाणेकरांना एक आयआयएम आता अगदी शेजारीच आहे.) हे कोर्स खरे असतात, बऱ्याचदा चांगलेही असतात. पण ते पदवी नाहीत आणि पदव्युत्तर पदविकाही नाहीत. सरकारी नोकरीत किंवा पुढच्या प्रवेशासाठी जिथे ‘पदव्युत्तर पात्रता’ मागितली जाते तिथे ते चालत नाहीत. पाचवी गोष्ट, एखाद्या खासगी कंपनीने स्वतःच्या नावावर दिलेलं प्रमाणपत्र. त्याची किंमत तुम्ही काय शिकलात यावरच ठरते, कागदाला स्वतःचं वजन नसतं.

हे सगळं ओळखण्याची एक झटपट खूण फीच्या पावतीवर सापडते. कायद्याने मान्य असलेली पात्रता देणाऱ्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. आयआयएमचेही एक वर्षाहून कमी मुदतीचे एक्झिक्युटिव्ह कोर्स मात्र करपात्र आहेत. पावतीवर 18 टक्के जीएसटी दिसला तर बहुतेक वेळा तो कोर्स कायदेशीर पात्रतेचा नसतो. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, पण काउन्सेलर त्याला ‘पदव्युत्तर दर्जाचा’ म्हणत असेल तर त्याची जाहिरात आणि त्याचीच पावती एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रमाणपत्रावरचे शब्दही आधीच विचारून घ्या. ‘सहभाग’, ‘पूर्णता’ आणि ‘उत्तीर्ण’ हे तीन वेगळे कागद आहेत. परीक्षा नसेल तर ‘उत्तीर्ण’ येणार नाही. नमुना प्रमाणपत्राची प्रत मागा. चांगली संस्था ती लगेच पाठवते.

तास

राष्ट्रीय क्रेडिट आराखडा 2023 पासून लागू आहे. क्रेडिट हे अभ्यास मोजण्याचं एकक. त्याचं गणित सोपं आहे: वर्षाला 40 क्रेडिट म्हणजे 1,200 तासांचं शिक्षण, म्हणजे एका क्रेडिटमागे 30 तास. यात नुसती लेक्चर नाहीत. वाचन, असाइनमेंट, प्रकल्प, परीक्षेची तयारी हे सगळं आलं.

आता हे माप जाहिरातीला लावून बघा. 20 क्रेडिटचा सहा महिन्यांचा कोर्स म्हणजे 600 तास. सहा महिन्यांचे 26 आठवडे. म्हणजे आठवड्याला सुमारे 23 तास. वेळापत्रकात शनिवार-रविवार मिळून चार तास वर्ग दाखवला असेल तर वर्गात 104 तास जातील आणि उरलेले जवळजवळ 500 तास तुमच्या डोक्यावर असतील, म्हणजे रोज अडीच तासांहून जास्त. कासारवडवलीहून महापेला रोज ये-जा करणाऱ्या माणसाला हे झेपेल का, हे प्रवेशाआधी स्वतःला विचारावं. किंवा दुसरी शक्यता अशी की ते 500 तास कोणीच करत नाही, परीक्षा तशीच सोपी काढतात आणि 20 क्रेडिट हा आकडा फक्त माहितीपत्रकात राहतो.

क्रेडिट खरे असतील तर ते कुठेतरी जमा व्हायला हवेत. त्यासाठी 2021 मध्ये सुरू झालेली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) आहे. नोंदणीकृत संस्थेने दिलेले क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत पुढच्या शिक्षणात वापरता येतात. ‘या कोर्सचे क्रेडिट माझ्या एबीसी खात्यात दिसतील का?’ हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून एक वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. ज्या विद्यापीठात ती प्रत्यक्ष सुरू आहे तिथे ‘आधी एक वर्ष, जमलं तर पुढचं नंतर’ हा मार्ग सहा महिन्यांच्या चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा शहाणपणाचा, असं आमचं मत.

पैसे टाकण्याआधी स्वतःची तयारी जोखायची असेल तर स्वयम हे केंद्र सरकारचं व्यासपीठ वापरावं. त्यावरचे एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे मॅनेजमेंटचे कोर्स आयआयटीतले प्राध्यापक शिकवतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, ती आतापर्यंत 1,000 रुपयांच्या आसपास राहिली आहे. चार आठवड्यांचा कोर्स एक क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा दोन, बाराचा तीन. गुणांत असाइनमेंटचा वाटा 25 आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा 75. असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण लागतात. परीक्षेत 60 मिळवले पण असाइनमेंट भरल्याच नाहीत तर प्रमाणपत्र नाही. नेमकं इथेच नोकरदार अडकतात, कारण असाइनमेंटची मुदत दर आठवड्याला संपते आणि ती कोणासाठी पुढे ढकलत नाहीत. बारा आठवड्यांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, तेवढीच सूट. अकाउंट्सचा असा एक कोर्स शेवटपर्यंत नेता आला तर लाखभर रुपयांच्या कोर्सला हात घालायला हरकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात सुटला तर लाखभर रुपये तरी वाचले.

शिकायचं ते नेमकं काय

छोट्या कोर्समधून काय हाती लागावं, हे एका उदाहरणावरून बघू. आकडे मानलेले आहेत, हिशेबाची पद्धत मात्र तीच जी कोर्समध्ये शिकवतात.

ऐरोलीत एक डब्याचं स्वयंपाकघर आहे. डब्याची किंमत 120 रुपये. प्रत्येक डब्यामागे किराणा-भाजी 58, पॅकिंग 7, पोहोचवणं 15, एकूण 80 रुपये. डबा वाढला की हा खर्च वाढतो, कमी झाला की कमी होतो. याला बदलता खर्च म्हणतात. 120 वजा 80, उरले 40. हे 40 म्हणजे त्या डब्याचं कॉन्ट्रिब्यूशन. त्याला अजून नफा म्हणायचं नाही, कारण त्यातून आधी स्थिर खर्च फेडायचा आहे: भाडं 35,000, पगार 78,000, वीज-पाणी आणि किरकोळ 15,000, म्हणजे महिन्याला 1,28,000. याला 40 ने भागलं की 3,200 डबे. महिन्यात 26 दिवस काम, म्हणजे रोज 124 डब्यांना ना नफा ना तोटा. सध्या रोज 150 जातात, म्हणजे महिन्याला 3,900. नफा 28,000.

आता जवळची एक कंपनी म्हणते, रोज 60 डबे घेऊ, पण 95 रुपयांनी. मालकीणबाई सरासरी काढतात. स्थिर खर्च 1,28,000 भागिले 3,900, म्हणजे डब्यामागे 33 रुपये. त्यात 80 मिळवले की 113. 113 चा डबा 95 ला कसा देणार? त्या नकार देतात.

चूक इथे आहे. भाडं आणि पगार आधीच भरले जात आहेत. 60 डबे जास्त झाले म्हणून भाडं वाढणार नाही. विचार करायचा तो फक्त नव्याने वाढणाऱ्या खर्चाचा. सगळे 60 डबे एकाच इमारतीत जाणार, म्हणून पोहोचवण्याचा खर्च 15 वरून 7 वर येतो. बदलता खर्च 72, कॉन्ट्रिब्यूशन 23. महिन्याला 1,560 डबे गुणिले 23, म्हणजे 35,880 रुपये. नकार दिला की सध्याच्या नफ्यापेक्षा मोठी रक्कम हातची जाते.

बरेच कोर्स इथे थांबतात. चांगला शिक्षक इथून सुरुवात करतो.

पहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. डब्यात चार पोळ्या. दोघी मिळून तासाला 200 पोळ्या करतात. सकाळी आठला सुरुवात, साडेअकराला गाडी निघते, म्हणजे साडेतीन तासांत 700 पोळ्या, 175 डब्यांपुरत्या. 210 डब्यांना 840 लागतात. भाजीचं पातेलं कितीही मोठं आणा, माणूस भाजीवर वाढवा, डबे 175 च्या पुढे जाणार नाहीत. अडलंय ते पोळीवर. तिसरी पोळीवाली बाई 16,000 पगारावर ठेवली तर तासाला 300 होतात आणि काम भागतं. ऑपरेशन्सच्या तासाला ज्याला ‘बॉटलनेक’ म्हणतात ते हेच. तिचा पगार वजा केला की जादा कमाई 35,880 वरून 19,880 वर येते. अजूनही फायदाच.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांचा. त्याच इमारतीत आधीपासून 120 रुपये देणारे 20 जण असतील आणि त्यांनीही 95 चा डबा मागितला, तर महिन्याला 13,000 रुपये गेले. उरले 6,880. मार्केटिंगच्या पुस्तकातलं ‘किंमत-भेद’ हे प्रकरण एवढ्यासाठी असतं: 95 चा डबा वेगळा दिसला पाहिजे, एक भाजी कमी, निवड नाही, सगळ्यांना एकच मेनू.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त धंदे बुडवणारा, आणि छोट्या कोर्समध्ये तो अर्ध्या तासात उरकतात: पैसे कधी मिळणार? कंपनी म्हणते, महिनाअखेरीला बिल द्या, त्यानंतर 45 दिवसांनी पैसे. म्हणजे पहिला रुपया 75व्या दिवशी. तोवर नव्या डब्यांवर महिन्याला 1,12,320 रुपये बदलता खर्च आणि 16,000 पगार असे 1,28,320 जात राहणार. अडीच महिन्यांचे 3,20,800 रुपये. किराणावाला आठ-दहा दिवस थांबतो, तेवढंच कमी. महिन्याला 28,000 कमावणाऱ्या धंद्याने हे सव्वातीन लाख आणायचे कुठून? कागदावर फायद्याची ऑर्डर, आणि तिच्यामुळेच दुसऱ्या महिन्यात पगार थकतात. खेळतं भांडवल म्हणतात ते हेच. वागळे इस्टेटमधल्या त्या वर्कशॉपमध्ये ऑर्डरी असून पैसे का उरत नाहीत, याचं उत्तर दहापैकी आठ वेळा इथे सापडेल.

त्यावर तोडगेही आहेत. पंधरवड्याला बिल द्यायचं, थोडी आगाऊ रक्कम घ्यायची. शिवाय उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगासाठी 2006 चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा आहे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15. आणि हे दिवस बिलाच्या तारखेपासून नाही, माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर कोणी ते मागत नाही हे खरं, पण करार करताना हा नियम माहीत असला की 75 चे 45 करून घेता येतात.

कोर्सच्या डेमो लेक्चरला बसलात तर असंच एखादं गणित शिक्षक फळ्यावर कुठपर्यंत नेतात ते बघा. ब्रेक-इव्हनचं, म्हणजे ‘ना नफा ना तोटा’चं, सूत्र सांगून पुढच्या स्लाइडवर गेले, तर तो कोर्स यूट्यूबवर फुकट आहे.

बाकीच्या विषयांबद्दल थोडक्यात. अकाउंट्स, खर्चाचा हिशेब आणि ऑपरेशन्स छोट्या कोर्समध्ये खरोखर शिकता येतात, कारण त्यात उत्तर बरोबर की चूक हे तपासता येतं. संख्याशास्त्रही येतं, पण स्प्रेडशीटचा हात आधी बसलेला हवा. पिव्होट टेबल माहीत नसलेला विद्यार्थी तिसऱ्या तासाला मागे पडतो. मार्केटिंगचं निम्मं येतं. मनुष्यबळाच्या विषयात कामगार कायदे आणि पगाराची रचना शिकवत असतील तर उपयोग, नुसते प्रेरणेचे सिद्धान्त असतील तर नाही. स्ट्रॅटेजी आणि लीडरशिप या नावांखाली सहा महिन्यांत बहुधा गप्पाच होतात. माहितीपत्रकात या दोघांनाच निम्मे तास दिले असतील तर फी कशाची घेतात ते समजून घ्या.

फी, हप्ते आणि परतावा

समजा फी 1,20,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 21,600. हातातून जाणार 1,41,600. प्रत्यक्ष शिक्षकासमोरचे तास 100 असतील तर तासाला 1,416 रुपये पडले. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ या तासांत धरायचे नाहीत. दोन कोर्सची तुलना करायची तर याच आकड्याने करा, नावाने नको. तुमचा जीएसटी नोंदणीकृत धंदा असेल आणि कोर्स धंद्यासाठी असेल, तर पावती धंद्याच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह घ्या. इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा करणं) मिळेल का ते सीएला विचारता येतं. पावती स्वतःच्या नावावर काढली तर विचारण्यात अर्थ नाही.

‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द जपून ऐका. 11,800 चे 12 हप्ते म्हणजे बरोबर 1,41,600, व्याज शून्य. पण एकरकमी भरणाऱ्याला 10,000 ची सूट देत असतील तर खरी किंमत 1,31,600 आहे आणि वरचे 10,000 हे व्याज. हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर वार्षिक दर जवळजवळ 14 टक्के पडतो. शिवाय हे हप्ते बहुतेकदा संस्थेचे नसतात, एखाद्या वित्तकंपनीचं कर्ज तुमच्या नावावर उभं राहतं. कोर्स सोडला तरी हप्ते थांबत नाहीत, आणि चुकले तर सिबिल स्कोअरला फटका बसतो. पुढे खारघरमध्ये घर घेताना तो नडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्य विवरण आधी द्यायचं असतं, आणि दंड न भरता कर्जातून बाहेर पडायला थोडी मुदतही. ओटीपी सांगण्याआधी ते विवरण मागा. काउन्सेलरने ‘हे नुसतं व्हेरिफिकेशन आहे’ म्हणून मागितलेला ओटीपी बऱ्याचदा कर्जाची संमती असतो.

परताव्याचा नियम कोर्सच्या प्रकारावर ठरतो. यूजीसीच्या कक्षेतल्या संस्थांना 2018 ची अधिसूचना लागू आहे. प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी नाव काढलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून 5 टक्के, तेही 5,000 पर्यंतच, कापता येतं. 15 दिवसांच्या आत आलात तर 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80, तीस दिवसांपर्यंत 50, त्यानंतर शून्य. काही वर्षी यूजीसी याहून सैल मुदत जाहीर करते. खासगी कंपनीच्या कोर्सला यातलं काही लागू नाही. तिथे परतावा म्हणजे तुम्ही न वाचता ‘मान्य’ म्हणून टिकमार्क केलेला करार. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, पण त्यासाठी लेखी पुरावा लागतो. ‘प्लेसमेंट नक्की’ असं फोनवर ऐकलं असेल तर त्याच संध्याकाळी ईमेल टाका: ‘आज आपण फोनवर अमुक सांगितलंत, कृपया खात्री करावी.’ खोटं बोलणारा त्याला उत्तर देत नाही, आणि ते उत्तर न येणं हेच तुमचं उत्तर.

मध्येच सुटतो तो कुठे

बहुतेकांचा कोर्स सुटतो तो दुसऱ्या महिन्यात, आणि कारण अभ्यास अवघड असणं हे नसतं. पहिली असाइनमेंट लांबते, दुसरी तिच्यावर चढते, मग पुढच्या लेक्चरला बसायचीच लाज वाटते. मार्च हा अकाउंट्सवाल्यांना वर्ज्य, दिवाळीआधीचा महिना विक्रीवाल्यांना. आपल्या कामाचा हंगाम बघून बॅच निवडा. प्रत्यक्ष वर्ग असेल तर अंतर मोजताना परतीचा प्रवास धरा. ठाणे, नेरुळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात व्यवस्थापन शिकवणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम नावाजलेले आहेत, पण महापेहून सहाला सुटणाऱ्या माणसाने चर्चगेट गाठायचं म्हणजे अर्धं लेक्चर लोकलमध्येच. आणि रविवारच्या वर्गाला किंवा परीक्षेला निघण्याआधी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. ट्रान्स हार्बर बंद असेल तर ठाण्याहून वाशी-नेरुळ गाठायला बसने दुप्पट वेळ लागतो, आणि परीक्षा केंद्राचं फाटक वेळेवर बंद होतं.

नोकरी करत असाल तर प्रवेशाआधी एचआरला दोन गोष्टी विचाराव्यात. कंपनी फी परत करते का, आणि करत असेल तर किती वर्षं थांबण्याची हमी लिहून घेते? अशा करारात वर्षभरात नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम फेडायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे वाक्य शोधा. प्रमाणात नसेल तर तसं करून मागा. सही करण्याआधी मागितलेलं बहुतेक वेळा मिळतं. फी परत मिळण्यासाठी कित्येकदा कोर्स सुरू होण्याच्या आधीची मंजुरी आणि कंपनीच्या यादीतली संस्था लागते, म्हणून पावती घेऊन नंतर गेलात तर हात हलवत परतावं लागतं.

बायोडेटात हा कोर्स ‘शिक्षण’ या मथळ्याखाली पदवीच्या रांगेत बसवू नका. खाली ‘प्रशिक्षण’ असं वेगळं लिहा, संस्थेचं पूर्ण नाव, कालावधी, क्रेडिट असतील तर क्रेडिट, आणि एका ओळीत केलेल्या प्रकल्पाचा निकाल. ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ असं लिहिलं आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीला प्रमाणपत्रावर ‘सर्टिफिकेट’ दिसलं, तर ऑफर लेटर मिळाल्यानंतरही ते मागे घेतलं जाऊ शकतं.